अक्काच्या फोनातली बाई

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा, शिवपुत्रचा शरणार्थ.

शिवशरणच्या हाती फोन पाठवतो आहे. तो तुला सगळं दाखवील, पण तुझ्या या लेकाला प्रत्येक गोष्टीची घाई असते, म्हणून कागदावर लिहून देतो. हे पत्र देवाच्या फळीवर ठेव आणि अडलं की वाच.

डॉक्टरांनी तुझं स्वरयंत्र काढलं त्याला आता महिना होईल. गाठ गेली, गळ्याची जखम भरून येते आहे, ही देवाची कृपा. आवाज परत येणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा बोलण्याची तजवीज या फोनात केली आहे. अक्षरांवर बोट ठेवून लिहायचं आणि लिहून झालं की खालचं कर्ण्याचं चित्र दाबायचं. आतली बाई ते मोठ्यानं वाचून दाखवते. आवाज स्वच्छ आहे, परसापर्यंत ऐकू जाईल.

या फोनानं मला फार छळलं. मी 'अव्वा' लिहिलं की तो 'अवघा' करायचा. 'नेसरी' लिहिलं की 'केसरी'. तुझ्या म्हशीचं, गौरव्वाचं नाव लिहिलं तर त्यानं तिला 'गौरव' केलं. मी पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानात पंचवीस वर्षं काउंटरवर उभा आहे. गिऱ्हाईकानं अर्धा इंची वॉशर मागितला आणि मी माझ्या मनानं पाऊण इंची बांधून दिला, तर ते पुन्हा कधी दारात येईल का? हा फोन दिवसभर तेच करतो, आणि वर आपल्यालाच चूक दाखवतो.

शेवटी सेटिंगमध्ये 'वैयक्तिक शब्दकोश' नावाची जागा सापडली. तिथं आपला शब्द लिहून ठेवला की फोन त्याला हात लावत नाही. घरच्यांची नावं, गल्लीतली नावं, शिवशरण तुला म्हणतो ते अव्वा, सुष्मिता म्हणते ते अत्ती, तू मला म्हणतेस ते तम्मा हे आपले कानडी शब्द, सगळं त्यात घातलं आहे. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं केलं.

तुझं बोट अजून थरथरतं, म्हणून आणखी एक सोय केली. लहान शब्दापुढं मोठं वाक्य लिहून ठेवता येतं. तू 'च्या' लिहिलंस की 'कृपया थोडा चहा देता का' असं आपोआप येईल. 'हिकडं' लिहिलंस की 'जरा इकडे येता का'. 'गप' लिहिलंस की 'कृपया शांत राहा'. अशी पुष्कळ आहेत, शिवशरण दाखवील. आपल्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ते फोनला पटत नाही. तो 'येते' करतो. तिथं मी त्याचंच ऐकलं.

आणि एक. तुझे ते नेहमीचे शब्द मी घातलेले नाहीत. कुठले ते तुला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ते आले की गाव हसत होतं, पण ही बाई परकी. परक्या बाईनं देवाच्या फळीखाली बसून कुणाचा मुडदा बसवणं, कुणाला अरेतुरे करणं बरं दिसणार नाही. म्हणून सगळ्यांना अहो-जाहो केलं आहे; 'सुष्मे' लिहिलंस की 'अहो सुष्मिता' येईल. दुखण्यातून माणूस उठतं तेव्हा काही जुनं मागं टाकून उठतं, असं मला वाटतं. रागावू नकोस.

तुझा,
शिवपुत्र


नेसरी
२० नोव्हेंबर

तम्मा,

फोन पोचला. हे पत्र मी फोनवर लिवलं न्हाय. वहीचं पान फाडून पेनानं लिवतोय, कारण पेन मधी बोलत न्हाय.

तुझी ती बाई कोण हाय? रेडिओवर बातम्या सांगणारी हाय का तालुक्याची सायबीण? पयल्या दिवशी सकाळी मी 'च्या' लिवलं. ती म्हणाली, कृपया थोडा चहा देता का. शिवशरण दात घासत हुता. तांब्या खाली ठिवून दारात बघून आला, कोण पावणं आलंय म्हणून.

शेजारची झुंबरबाई बसाय आलती. तिच्या कोंबड्या आमच्या मिरच्या उकरत्यात ते तुला म्हाईत हाय. त्यावरनं मी तिला बोलतोय आन् ती मला उलटं बोलत्या, असा आमचा दोघींचा शेजार हाय, कायम. परवा ही बाई तिला म्हणाली, 'झुंबरबाई, कृपया आपल्या कोंबड्यांकडे लक्ष द्या.' झुंबरबाई उठलीच. 'शांते, मी काय ग्रामपंचायतीची नोटीस घ्यायला आलोय व्हय तुझ्याकडं?' म्हणाली आन् गेली. त्या दिसापासनं कोंबड्या बांधून ठेवल्यात. मला तसं नको हुतं.

गौरव्वाचं ऐक. धार काढताना मी तिच्यावर खेकसलो तर ती पान्हा सोडत्या, न्हायतर न्हाय. तिच्याम्होरं फोन धरला. बाई म्हणाली, 'गौरव्वा, कृपया सरळ उभी राहा.' म्हशीनं बादलीत पाय दिला.

ते कृपया काढ. शिवशरणला म्हटलं तर तो म्हणतोय, मामानं एवढी मेहनत घेतल्या, हात लावू नको, सगळं बिघडंल. मला काढाय येत न्हाय. मी लिवतोय एक, वर दुसऱ्याच शबुदांची पट्टी येत्या, माझं बोट पोचायच्या आत शबुद बदलतोय. मग मी चिडतो. आन् चिडल्यालं कुणाला कळत न्हाय. चिडायला बी आवाज लागतोय रं.

एक मातर चांगलं झालंय. सुष्मी सुदरली. पयलं मी एक म्हटलं की ही सून दोन म्हणायची. आता खाली मान घालून सगळं करत्या. गळ्याची नळी काढून धुत्या, कापसानं पुसत्या, भाकरी मऊ करून देत्या, आन् तोंडातनं शबुद न्हाय. ऑपरेशनचं भ्या बसलं असंल.

फोनचं काय ते बघ.

अक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास शरणार्थ.

तुझं पत्र दुकानात वाचलं. आमचे मालक उदयसिंह समोरच होते. म्हणाले, 'काय शिवपुत्र, नोटीस आली का काय?' मी म्हटलं, बहिणीचं पत्र आहे. ते म्हणाले, 'मग तेच.'

अक्का, तुझा फोन तिकडं आणि मी इकडं. इथून मला त्याला हात लावता येत नाही. आणि खरं सांगायचं तर माझीही त्या फोनानं कमी अडचण केलेली नाही. तुझ्या फोनात घालण्याआधी सगळी वाक्यं मी माझ्या फोनात घालून पाहिली होती. ती आता जाता जात नाहीत. काल हमालाला 'पेटी हिकडं आण' असं लिहायला गेलो, तर त्याला 'जरा इकडे येता का' असं गेलं. तो बिचारा मार्केट यार्डातून काम टाकून धावत आला, काय चुकलं म्हणून हात जोडून उभा. वाक्य पुसलं तरी फोन तेच वर सुचवत बसतो. मी त्याला एकदा शिकवलं, आता तो मला शिकवतो. सकाळी लिंगपूजेला बसलो तरी डोळ्यांपुढं ती पट्टी येते. कुणाला सांगू?

तरी मला वाटतं, तू थोडी कळ काढावीस. आमचे स्वामीजी म्हणतात, जिभेनं माणूस दुखावलं तर हातानं केलेली पूजा पोचत नाही. तू मनानं चांगली आहेस हे मला ठाऊक आहे. पण मन कुणाला दिसत नाही, बोलणं ऐकू येतं. सुष्मिता शांत झाली, हे वाचून मला बरं वाटलं. गोड बोललं की घर कसं निवतं, ते तूच तुझ्या पत्रात लिहिलं आहेस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही. झुंबरबाईंनीही कोंबड्या बांधल्याच ना?

संक्रांतीपर्यंत असंच चालव. मग मी येऊन बघतो.

गौरव्वाच्या बाबतीत मला काही सुचत नाही.

तुझा,
शिवपुत्र


नेसरी
१७ डिसेंबर

तम्मा,

सुष्मी कुरुंदवाडला म्हायेरी गेल्या. चुलतबहिणीचं लगीन हुतं. लगीन हून मांडव बी उतरला, ही येत न्हाय. शिवशरण दोनदा आणाय गेलता. पयल्यांदा म्हणाली, आठ दिस ऱ्हातो. दुसऱ्यांदा म्हणाली, अत्तींना माझा तरास नको. तरास कसला ते सांगंना. शिवशरण घरात भांडी आपटतोय. त्याला वाटतंय मी काय तरी बोललो. मी काय बोलणार? मला बोलाय येतंय व्हय?

मला कळलंय कशानं गेली. हे गळ्याचं भोक. दवाखान्यातनं आल्यापासनं तीच पुसायची. तोंड कधी वाकडं केलं न्हाय, खोटं कशाला बोलू. पर किती दिस पुसणार? कोवळी पोर हाय. मला खोकला आला की तोंडातनं येत न्हाय, हितनं येतोय. मलाच बघवत न्हाय तर तिला काय. तिला किळस आली असंल आन् ती सांगंना. जायच्या आदल्या दिशी माझ्याजवळ बसून रडली हुती. मी गप म्हटलो तिला, समजूत घातली. तरी गेली.

मी तिला दोष देत न्हाय. आता मी आरसा खुट्टीला लावून आपलं आपण पुसतोय. जमतंय.

तू तिला पत्र लिव. तुझं ऐकत्या ती. तिला सांग, अत्ती सगळं आपलं आपण करत्या, तुला हात लावाय लागणार न्हाय. गळ्याला फडकं बांधून बसतो, दिसणार बी न्हाय. म्हणावं, नुस्ती घरात अस.

फोन मी धान्याच्या डब्यावर ठेवलाय. लागत न्हाय.

अक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२२ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुष्मितास,

शिवपुत्रमामाचे आशीर्वाद.

तू माहेरी आहेस, सुखात असशील. अक्काचं पत्र आलं. तिनं तुला निरोप द्यायला सांगितला आहे. ती म्हणते, गळ्याची स्वच्छता आता ती स्वतःच करते. तुला त्यात हात घालावा लागणार नाही. तू फक्त घरी ये.

बाळ, दुखणाईताची सेवा करताना माणसाला किळस येणं हा काही अपराध नाही. मन आहे ते. त्याबद्दल तुला कुणीही बोल लावणार नाही.

आणि अक्काच्या जुन्या बोलण्याची अढी तुझ्या मनात असेल तर तीही काढून टाक. तिची जीभ कशी होती हे मी लहानपणापासून सोसलं आहे. पण आता तिच्या फोनात तसा एकही शब्द नाही. ती खबरदारी मी स्वतः घेतली आहे. ती आता तुला अहो म्हणते, हे शिवशरणकडून कळलं. एवढा बदल या वयात कुठली सासू करते?

उत्तर पाठव.

तुझा मामा,
शिवपुत्र


कुरुंदवाड
२९ डिसेंबर २०२४

मामांना सुष्मिताचा शरणार्थ.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच ठेवून दिलं. किळस? मामा, मी अत्तींची नळी धुताना गाणी म्हणत होते. त्यांना ती आवडत नव्हती, म्हणून मुद्दाम म्हणत होते. त्या ओठांनी शिव्या द्यायच्या, आवाज नसला तरी मला ऐकू यायच्या. फोन यायच्या आधीचे ते दिवस. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

आता लिहितेच. डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं तेव्हा अत्ती नको म्हणत होत्या. 'आवाज गेल्यावर मी कशाला जगू? नुस्ती मुकी म्हस हून?' असं म्हणाल्या. मी म्हटलं, 'जगा आधी. आवाजाचं मागनं बघू.' मी हट्ट धरला, दोन दिवस जेवले नाही, तेव्हा त्यांनी अंगठा वर केला. म्हणजे त्यांचा आवाज माझ्यामुळं गेला. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण आहे ते असं आहे.

मग फोन आला. पहिल्याच दिवशी अत्ती मला म्हणाल्या, 'अहो सुष्मिता, जरा इकडे येता का.' मी हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिले. चार वर्षांत मला त्या घरात कुणी अहो केलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी आमटी खारट केली तेव्हा अत्ती म्हणाल्या होत्या, 'मुडदा बशिवला तुझा, समुद्र वतलीस काय?' आणि तीच आमटी भाकरीवर घेऊन सगळी जेवल्या. मी त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, मी रुळले म्हणून. आमच्याकडं अहो कुणाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जो चहा पिऊन जायचा आहे त्याला.

मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. रोज कृपया आणि धन्यवाद. हे म्हणायचे, मामांनी तसं बसवलंय त्यात. पण मामा, झुंबरबाईंवर रागावून त्या एकदा वहीवर लिहीत होत्या, ते मी पाहिलं. वहीवर त्या त्यांच्यासारखंच लिहीत होत्या. म्हणजे ज्याला द्यायच्या त्याला शिव्या अजून होत्या. मलाच नव्हत्या.

निघायच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसले, रडले, विचारलं, 'अत्ती, माझ्यावर राग हाय का तुमचा? असला तर दोन शिव्या द्या आन् मोकळं करा.' एका हातानं त्यांनी गळ्याचं फडकं धरलं होतं, दुसऱ्या हातानं काहीतरी लिहिलं. मी वाट बघत बसले. फोन म्हणाला, 'कृपया शांत राहा.'

बँकेत म्हणतात तसं.

मी शांत राहिले. सकाळी बॅग भरली.

त्यांना काही सांगू नका. त्यांनी माझ्यावर राग धरला तर तो बरोबरच आहे. पण तो रोज अहो म्हणून ऐकायला मला जमत नाही.

आपली,
सुष्मिता


शाहूपुरी, कोल्हापूर
३ जानेवारी २०२५

ती. अक्कास शरणार्थ.

सुष्मितानं सांगू नका म्हटलं आहे, तरी तिचं पत्र यासोबत पाठवतो. ते आधी वाच, मग पुढचं.

वाचलंस? आता तुला कळेल की 'गप' हा शब्द मी कसा बसवून ठेवला होता. तू तिला गप म्हटलंस, ते तिच्यापर्यंत गेलंच नाही. मी मध्ये उभा होतो.

पत्र आल्यावर मी दोन दिवस फोनाशी झगडतो आहे. ठरवलं, तुझे शब्द घालायचे. तर फोन घेईना. एखादी शिवी लिहिली की ती पट्टीवर येतच नाही. खूप शोधल्यावर कळलं की त्यात 'आक्षेपार्ह शब्द अडवा' अशी एक खूण आधीपासून केलेली असते. फोन माझ्याहून सोवळा निघाला. ती खूण काढली. मग काउंटरच्या खाली वाकून 'मुडदा बशिवला तुझा' हे वैयक्तिक शब्दकोशात घातलं आणि बरोबर वाजतं का ते बघायला कर्णा दाबला. त्याच वेळी राधानगरीकडचे एक शेतकरी पंपाचा फूटव्हॉल्व्ह मागत समोर उभे. बाई त्यांना तोंडावर खणखणीत म्हणाली. ते म्हणाले, 'ओ पावणं, मी अजून भाव बी विचारला न्हाय.' उदयसिंह आतून ओरडले, 'तुमाला न्हाय हो, आमच्या शिवपुत्रला देव पावलाय.' दुपारभर दुकानात तेच चाललं होतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. तुझी शिवीसुद्धा त्या बाईच्या तोंडी परिपत्रकासारखी वाटते. ऐकून ना राग आला, ना हसू. मी तीच पुन्हा पुन्हा ऐकली. मग वाटलं, मला थोडेच शब्द आठवतात, आणि तेही लहानपणी मला मिळालेले. तू सुष्मिताला काय काय म्हणतेस ते लिहून पाठव. कुठल्या वेळी काय, तेही लिही. मी सगळं बिनचूक घालतो. देवासमोर बसून घालायला लागलं तरी घालतो.

आणि तिला लवकर काहीतरी कळव. तिला वाटतं, तू तिच्यावर राग धरला आहेस.

तुझा,
शिवपुत्र


नेसरी
८ जानेवारी

तम्मा,

पोरीचं पत्र वाचलं. शिवशरणकडनं दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा त्याला वाचाय जमलं न्हाय.

मी तिच्यावर राग धरीन? तिनं हट्ट धरला म्हणून मी आज गोठ्यात उभा हाय. आन् ती तितं कुरुंदवाडला बसून सोताला खात्या, आन् मी हितं आरसा लावून भोक झाकतोय. दोघी शाण्या. आन् तू तिसरा.

तुला राग येऊ दे, पर ऐक. तू मला शिव्या लिवून मागतोस. शिव्या काय वाणसामान हाय व्हय, पाव किलो ही आन् अर्धा किलो ती? म्होरं माणूस लागतंय. त्याचं तोंड बघून येत्यात त्या. सुष्मीला मी सकाळी म्हणतो ते संध्याकाळी म्हणत न्हाय. झोपमोड झाल्याली असली तर येगळं म्हणतो. हे मी आधीच लिवून दिलं तर ते माझं बोलणं कसं हुईल? मग तुझं कृपया काय वाईट हुतं?

तू माझं चांगलं कराय गेलास आन् मला दुसरीच बाई करून ठेवलीस. ती बाई वाईट न्हाय. पर ती माझ्या सुनंला सांभाळंल का?

म्हणून तू रविवारी ये. तू घातल्यालं सगळं माझ्याम्होरं पूस. चांगलं बी पूस, वाईट बी पूस. ती मधी शबुद सुचवत्या ते बी बंद हुत असंल तर कर. न्हाय झालं तर ऱ्हाऊ दे, मी तिकडं बघणार न्हाय. एक एक अक्षर लिवीन. एका वाक्याला भाकरी करपंल एवढा येळ लागंल. लागू दे. माझं हाय ते.

पुसून झालं की तू परत जा. कुरुंदवाडला तू येऊ नको. तू आलास की तिच्या बासंगं पूजेचं बोलत बसशील.

जेवायलाच ये. गौरव्वा आटत आल्या, ताकाची आशा धरू नको.

अक्का


नेसरी
२० जानेवारी

तम्मा,

सुष्मी घरला आली.

तू पुसून गेलास त्याच्या दुसऱ्या दिशी मी आन् शिवशरण कुरुंदवाडला गेलो. गडहिंग्लजला एस्टी चुकली, दुपार झाली पोचाय. तिच्या आयनं च्या ठेवला. तिचा बा खुर्चीत, शिवशरण मेल्यागत भिंतीला. सुष्मी आतल्या दारात उभी. जवळ येईना, आत बी जाईना.

मी फोन काढला आन् लिवाय लागलो. 'स' लिवलं की फोनानं वर 'सुप्रभात' दावलं. म्होरं लिवलं की 'सविनय' दावलं. तू बंद केलतं म्हणालास, ते बंद झालं न्हाय, तुला सांगून ठेवतो. मी तिकडं बघितलं न्हाय. एक अक्षर चुकलं, पुसलं. परत चुकलं, परत पुसलं. तिच्या बाला काय करावं कळंना, तो आड्याकडं बघाय लागला. च्यावर साय धरली. शिवशरण म्हणाला, 'अव्वा, दे मी लिवतो.' मी त्याला कोपरानं ढकललं.

लई येळ झाला. मग सुष्मी आली. माझ्या मागं उभी ऱ्हाऊन खांद्यावरनं फोनात बघाय लागली. मी लिवत हुतो, ती एक एक अक्षर वाचत हुती, तिचा श्वास माझ्या कानावर येत हुता. 'सटवे' झालं. तवा तिनं नाक वढलं. 'चल घरला' झालं. मग मी 'न्हायतर' लिवलं. तितंच बोट थांबलं माझं, दुखाय लागलं हुतं.

तर म्होरचं तिनंच म्हटलं. मोठ्यानं, बाच्या देखत. 'न्हायतर तंगडं मोडून फरफटत नेतो. असंच नव्हं, अत्ती?'

तिच्या बाच्या हातातली बशी कलंडली. त्यास्नी वाटलं आता भांडण लागतंय. सुष्मी रडत हुती आन् हसत हुती, आन् तिच्या आयला म्हणत हुती, 'बघितलंस? बघितलंस न्हवं कसं बोलत्यात?' फोन माझ्या हातातच. बाई काय सुदीक बोलली न्हाय. मी कर्णा दाबलाच न्हाय.

पाचच्या गाडीनं आलो.

आता हिचा नवा तरास सुरू झालाय. मी लिवाय लागलो की ही खांद्यावरनं बघत्या आन् म्होरचं आपणच बोलून टाकत्या. फोन परवडला. परवा बाजारात मी 'वांगी' लिवलं, तर हिनं माझ्या नावानं भाव पाडून दोन किलो घेतली. मी 'वांगी किडकी हायत' लिवणार हुतो. शिवशरणला मी म्हटलं न्हाय ते बी मी म्हटलं म्हणून सांगत्या, आन् तो ऐकतोय बी. मी डोळे वटारले तर म्हणत्या, 'मग लवकर लिवाय शिका की.' गळा पुसताना परत गाणी म्हणत्या. एक बी सूर धड न्हाय.

आन् तुला एक सांगतो, ते तुझ्यापाशी ठेव. कुरुंदवाडला मी तंगडं मोडतो म्हणून लिवणार न्हवतो. 'न्हायतर मी बी हितंच ऱ्हातो' असं लिवणार हुतो. म्हातारपणी व्याह्याच्या दारात बसायची तयारी करून गेलतो. पिशवीत दोन लुगडी घातलती.

पर तिनं म्हटलं ते ऱ्हाऊ दिलं. मान हलवली, व्हय म्हणून.

अक्का